प्याद्याने मात चालत नाही, मामंजी

—नाही, उठू नका मामंजी, चहा मी ओतते. तुम्ही फक्त पट बघा. कालचाच डाव, ह्यांनी ‘हरलो’ म्हणून मान झुकवली तेव्हाचा, जसाच्या तसा. कुणी मांडला म्हणजे? मीच. येते मला शोगी, हा राजा-प्याद्यांचा खेळ. लग्नाआधी तुम्ही विचारलंत, ‘पोरी, खेळता येतं का गं?’ — मी नुसती हसले. हसण्याचा अर्थ तुम्ही ‘नाही’ असा लावलात, त्याला मी काय करू? माहेरी साकाताला आमची आजी बंदरावरच्या कोळ्यांना हरवून मासळी आणायची. तिच्या मांडीवर शिकले. असो.

तर बघा. हा ह्यांचा राजा, कोपऱ्यात दडलेला. हे तुमचं सोनं, राजाजवळचा सरदार, एक घर सोडून दबा धरलेलं. तुमच्या हातात काय? — जिंकलेली, परत पटावर टाकायची प्यादी, दुसरं काही नाही. चाल ह्यांची. आणि हे म्हणतात हरलो! का, तर पुढच्या चालीला तुम्ही राजासमोर प्यादं टाकाल आणि खेळ खलास. मान कसली हलवताय? ते चालतच नाही! हातातलं प्यादं पटावर टाकून थेट मात करायची नाही — तुम्हीच लहानपणी ह्यांचा कान धरून शिकवलेला नियम. बरं, सोनं सरकवलंत? राजा खाईल त्याला. म्हणजे ह्यांना एक अख्खी चाल फुकट होती. ह्यांचा हा दुसरा सरदार, चांदी — इथे. बस्स. आता कुठे पळता? इकडे हत्ती. तिकडे? — बघा, तुम्हालाच हसू आलं.

म्हणजे पैज आम्ही जिंकलो होतो — हे जिंकले तर आम्ही वेगळं बिऱ्हाड करायचं, ही! स्टेशनमागच्या त्या दोन खोल्या आमच्या झाल्या होत्या. पडदेसुद्धा घेऊन ठेवलेत मी, पिवळे — हं. हे बोलायचं नव्हतं. निघालंच तोंडातून तर ऐका. घराला नावं नाही ठेवत मी. सासूबाई चांगल्या, त्यांचं मुळ्याचं लोणचं चांगलं, तुमचं घोरणंही एकदा सवय झाली की बरं वाटतं. पण ती न्हाणी! एकाच पाण्यात आधी तुम्ही टबात, मग हे, मग सासूबाई, मग सून. माझ्या वाट्याला जे पाणी येतं ना, ते इतकं गार, की त्यात टोफू ठेवला तर चार दिवस टिकेल.

पण मला सांगा, हे चुकलेच कसे? हा नियम ह्यांना झोपेतसुद्धा ठाऊक. आणि डाव संपला की दोघांनी बसून तो पुन्हा उलगडायचा, कुठे बिनसलं ते बघायचं — परक्या माणसाशीही आपण करतो. काल? मान झुकवली आणि सोंगट्या भराभरा डबीत. तुम्हीही ‘थांब’ म्हणाला नाहीत... कप खाली ठेवा मामंजी, सांडतोय. अंगठा पुन्हा थरथरतोय ना? मी बघते. गिऱ्हाइकाच्या सोंगटीवर अक्षर कोरताना तुमची सुरी निसटते, आणि तुम्ही जेवायला उठलात की हे गुपचूप ती रेघ सरळ करून ठेवतात. तुम्हाला वाटतं त्यांना कळत नाही, त्यांना वाटतं तुम्हाला कळत नाही, आणि —

अच्छा.

अच्छा! चूक नव्हतीच ती. तुमचा हात असा असताना ह्यांना जायचंच नव्हतं. तुम्हालाही ते कळलं होतं. बापलेक एकमेकांना सांभाळत बसलात आणि हरले कोण, तर मी! — छे, रडतेय कुठली, चहाची वाफ आहे. हार मानली ती मानली, डाव परत मागत नाही मी. पडदे काय, तुमच्या कोरायच्या खोलीला लावू, दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं तुमच्या. पण ही मांडणी सासूबाईंना दाखवली ना, तर तुम्हा दोघांना तोंड लपवायला जागा उरणार नाही. तेव्हा आता चाल तुमची.

न्हाणीकडे काय बघताय? पाणी तापलंय, माहीत आहे, मीच तापवलंय. जा की. — मी? आधी मी? — आणि सासूबाईंना काय सांगणार? — तुम्ही सांगाल? तुम्ही?

श्श, फाटक वाजलं. हे आले. मोडा, मोडा तो पट! ते प्यादं राहिलं तुमच्या मुठीत — राहू द्या. मी चालले न्हाणीत, मला हाका मारू नका कुणी. मी घरात नाही.