डॉक्टरांच्या गाडीचा चोक

मी मिलमध्ये फिटर होतो. संपानंतर आमची मिल उघडलीच नाही, म्हणून भोईवाड्यात सावंतांच्या गॅरेजमध्ये लागलो. सावंत म्हणाले, "महिनाभर बघतो, मग ठरवू."

पहिलीच गाडी आली फणसवाडीच्या एका डॉक्टरांची. जुनी, विलायती. थंड इंजिनात हवा कमी करून पेट्रोल जास्त जाऊ देणारा तिचा चोक आपोआप चालणारा. इंजिन तापलं की त्याने स्वतःहून उघडायचं, पण तो अडकून बसायचा आणि गाडी काळा धूर सोडत बंद पडायची. पार्ट कुठेच मिळेना. शेवटी मी तार टाकून हाताचा चोक केला. डॅशबोर्डच्या खाली मधोमध घुंडी लावली. डॉक्टरांना सांगितलं, "सकाळी खाली ओढायची, गाडी तापली की वर ढकलायची."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बायकोसकट परत. धूर तसाच!

सावंत सगळ्यांसमोर म्हणाले, "मिलमध्ये हेच शिकलास काय रे?"

मी तार तपासली, कार्बोरेटर उघडला, एकटाच परळला चक्कर मारून आलो. गाडी झकास. काही कळेना.

डॉक्टर निघायला बसले. बाई शेजारी बसल्या आणि भलीमोठी पर्स त्यांनी घुंडीला अडकवली. घुंडी सर्रकन खाली आली.

"बाई, पर्स काढा. तो चोक आहे."

"चोक? मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी खुंटी लावलीत."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले.

सावंतही हसले नाहीत. मला म्हणाले, "बाईंच्या बाजूला एक हूक मारून दे. आणि उद्यापासून आठला येत जा. कायमचा."