मागची दोन चाकं

नाही, तसं नव्हे ताई, गाडी छानच आहे — रंग छान, काचा छान, टायर तर अगदी नवे कोरे — मी कुठं नावं ठेवतोय? माझा प्रश्न एवढाच, की हिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, तो मला लागेल का? उगाच हौस म्हणून घ्यायचं माझं वय राहिलं नाही. हां, बरोबर बोललात, आधी काय ओढायचंय ते सांगायला हवं. ट्रेलर ओढायचाय. राहायचा ट्रेलर — दोन चाकांवर एक खोली समजा, दोन बाक, त्यांच्यावर गाद्या, एक शेगडी, एक खिडकी, खिडकीला पडदा आणि मागच्या अंगाला पत्र्याची टाकी, वेत भिजवायला. वेताच्या खुर्च्या विणतो मी. शाळा, कचेऱ्या, डॉक्टरांचे दवाखाने, जिथं खुर्चीचं बूड गेलंय तिथं आम्ही हजर. दोघं. मी विणायचो, ती वेत सोलून, भिजवून, हाताशी द्यायची, आणि माझी वीण कुठं सैल पडली की लांबून ओळखायची — अहो, पाठमोरी असली तरी! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, आमचं हुकाला. सगळी हयात अशीच गेली आणि वाईट नाही गेली.

बाहेर फाटकाशी उभी आहे ना, ती आमची जुनी. व्हॅन. जोर फक्त मागच्या दोन चाकांना. जावई म्हणाला, बाबा, तुमचं नाकापेक्षा मोती जड झालंय, त्या व्हॅनला तो ट्रेलर आता झेपत नाही, फोर-व्हीलच घ्या. आता जावई म्हणजे काय, गाडीवर कावळा बसला तरी त्याच्या पोटात गोळा येतो, त्याला काय विचारायचं? पण मुलगीही तेच म्हणते. बाबा, गाडी घ्या आणि सरळ इकडं या. तिच्या घरामागं फरशी घातलेली जागा आहे, तिथं ट्रेलर लावायचा, नळ आहे, दिवा आहे, नात दिवसभर ‘आजोबा आजोबा’ करत पायात येईल — वाईट काय आहे? काहीच नाही. मी हो म्हणालोय. पण आमच्या हिचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, दोन चाकं ओढतात तेवढी पुरे. चार चाकं ओढणारी गाडी माणसाला नको तिथं घेऊन जाते, आणि तिथून काढायला मग दुसरं कुणीतरी लागतंच. हसू नका, तिचं बोलणं असंच असतं, पण विचार करा, खोटं आहे का? 

बरोबर. बरोबर. म्हणजे डांबरी रस्त्यावर काही फरक नाही, हे तुम्हीही म्हणता. आणि उतारावर थांबायला तर मुळीच नाही — थांबवतो तो ब्रेक, तिथं चार चाकांचा जोर काय करणार? वर पेट्रोल जास्त पिणार, दुरुस्ती निघाली तर दोन गोष्टी जास्त निघणार. तुम्ही खरं बोलता, ताई, विकणाऱ्यानं इतकं खरं बोलू नये. मग ती लागते कधी? ओल्या गवतात. चिखलात. निसरड्या चढावर. म्हणजे जिथून निघता येत नाही तिथून निघायला. झालं तर मग — इथंच घोडं पेंड खातं.

तिला घेऊन येऊ? कशाला, बघायला? नाही, ती नाही यायची. ती — ट्रेलर सोडून ती फारशी कुठं जात नाही आता. बघू का बसून आत? द्या किल्ली. नाही, इथं नका बसू, ताई — माफ करा, मागं बसता का? राग नका मानू, तुमचं काही नाही, शेजारच्या सीटवर कुणी बसलं की माझं लक्ष राहत नाही. मुलगी बसली होती मध्यंतरी, तर मी तिला दोनदा तिच्या आईच्या नावानं हाक मारली. ती रडायला लागली, म्हणून. हां, मागं बसा. आरसा छान मोठा आहे हो. ट्रेलरची अख्खी भिंत दिसेल यात.

गेली ती. मागच्या थंडीत. सांगणार नव्हतो, पण तुम्ही आरशातून असं बघायला लागलात तर काय करू? मी ‘म्हणते’ म्हणालो, ‘म्हणायची’ म्हणायला हवं होतं, मला माहीत आहे; मुलगी फोनवर प्रत्येक वेळी दुरुस्त करते, मास्तरणीसारखी. एका तळ्याकाठी थांबलो होतो. कुरण आहे मोठं, मालक भला माणूस, त्याच्या घरच्या खुर्च्या विणल्या तेव्हापासूनची ओळख. तिथलं पाणी वेताला चांगलं लागतं, वेत मऊ होतो पण कुजत नाही. तर तिथं होतो आणि हिचं दुखणं वाढलं. खड्ड्यातून गाडी गेली की तिचा जीव कळवळायचा. एक दिवस म्हणाली, आता मला हलवू नका. इथंच राहू या. मी म्हटलं, राहू. डॉक्टर तिथंच येऊन बघून जायचा. खिडकीतून तळं दिसायचं, उशी उंच केली की पलीकडचा काठपण. बरं वाटत होतं हो तिला, मधले काही दिवस तर चांगलंच वाटत होतं, मला म्हणाली, तुमची वीण सैल पडायला लागलीय. मग गेली. 

आता मुद्द्याचं. गाडीचं. थंडी सरली, अवकाळी पावसानं जमीन मऊ झाली, मुलगी म्हणाली या. मी सगळं आवरलं, हूक लावला, गाडी चालू केली. आता आमची एक पद्धत होती — ती आत राहून सगळं बघायची, कप अडकवलेत का, शेगडी बंद आहे का, टाकीचं झाकण — आणि आतून भिंतीवर टकटक करायची. एकदा टक, म्हणजे घ्या पुढं. मी हातभर पुढं घ्यायचो, हूक ताणून बघायचो, मग ती उतरून, दार लावून, शेजारी येऊन बसायची. दोनदा टक टक झालं, म्हणजे थांबा, काहीतरी राहिलंय. इतक्या वर्षांची सवय. तर मी गाडी चालू केली आणि बसून राहिलो. कशाची वाट बघतोय तेच कळेना. मग कळलं, आणि स्वतःलाच म्हटलं, अरे वेड्या, आता कोण टक करणार? घातला गिअर. गाडी हातभर पुढं गेली, आणि थांबली. मागून कुणी पदर धरावा तशी. मागची चाकं नुसती फिरतायत, चिखल उडतोय, आणि आतून टक टक. 

कप. हो, कपच. मीही तेच म्हटलं. उतरलो, आत गेलो, कप काढून गादीवर ठेवला. पुन्हा गाडी चालू केली. हातभर पुढं. टक टक. मग शेगडीचं झाकण काढलं, खिडकीची कडी बांधली, भिंतीवरचा आरसा उतरवला, आत हलण्यासारखं म्हणून काही ठेवलं नाही. तरी टक टक. मुलीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला एवढंच सांगितलंय, की ट्रेलर रुतलाय. खोटं नाही ते. रुतलाय, चाकं अर्धी आत आहेत. चाकांपुढची माती उकरली, फळ्या घातल्या, जुना वेत अंथरला. हूक काढला की व्हॅन अशी पळते, आज इथवर आलीच की. हूक लावला की बसली. हत्ती जातो, शेपूट राहतं.

ट्रॅक्टर? मला वाटलंच होतं तुम्ही ट्रॅक्टरचं विचारणार. जागेच्या मालकाचा आहे की, तिथंच उभा असतो, फार लांब नाही. तो बिचारा चारदा म्हणाला, काका, साखळी लावू, दोन मिनिटांचं काम. त्याला आता गुरं सोडायचीत कुरणात, माझ्यामुळं अडलंय त्याचं. पण ट्रॅक्टरचं काय घेऊन बसलात? ट्रॅक्टर घर उपटून काढेल. तो काय, मागं कोण आहे, काय म्हणतंय, बघत नाही. आणि मी कुठं असणार? बाजूला, हात बांधून, बघत. कुणी दुसऱ्यानं साखळी घालून तिला ओढत न्यायची आणि मी बघायचं? तिनं सांगितलं होतं ना, हलवू नका म्हणून. न्यायचं तर मी नेईन. माझ्या हातात स्टिअरिंग असलं की मला कळतं. ट्रेलर रुतला की एक जड ओझं लागतं हाताला, मुकं. आणि हे तसं नाही लागत, ताई. हे धरल्यासारखं लागतं. सोडून पुन्हा धरल्यासारखं.

असं बघू नका. डोकं ठिकाणावर आहे माझं. ओली जमीन आहे, मागची दोनच चाकं ओढतात, ती जागच्या जागी फिरतात, ट्रेलर वजनदार — पोराटोरालाही कळेल. मी रोज सकाळी तेच म्हणतो स्वतःला. चहा घेतो, गाडी चालू करतो, हातभर पुढं, चाकं फिरतात, टक टक. मग मी गाडी बंद करतो. आणि मागं वळून म्हणतो, बरं बाई, राहू या आजचा दिवस. मग उतरतो, दार उघडतो, कप जागेवर लावतो. दिवस जातो. खरं सांगू? बरा जातो. ती गेल्यावर पहिले काही आठवडे जे होतं ना, ट्रेलरच्या पायरीवर बसलं तरी पोकळी वाटायची, ते आता नाही. आता वाटतं, आत कुणीतरी आहे, आणि त्या कुणाला तरी मी जायला नको आहे. असं वाटणारं माणूस जगात उरलंय म्हटल्यावर बरं वाटणारच की.

करू का चालू? एवढंच, जागच्या जागी. वा. काय आवाज आहे. आवाज नाहीच म्हणा. आणि हे बटण? हे फिरवलं की चारही? सोपं केलंय हो सगळं. थोडी पुढं घेऊ, त्या खडीच्या ढिगावर? घेतो. बघा — बघा कशी चढतेय, काही विचारतच नाही. पाय ठेवायचा अवकाश. ही काढेल, नाही का? ओल्या गवतातून, तेवढा चढ आहे कुरणाच्या फाटकापर्यंत — काढेल ना? नाही, नीट विचार करून सांगा. जड आहे ट्रेलर. टाकी रिकामी केली तरी जड आहे. चाकं अर्धी आत आहेत. तरी काढेल? एका दमात? 

इतकी खात्री आहे तुम्हाला.

म्हणजे चिखलच होता मग. चार चाकांनी निघाला तर चिखलच होता, दुसरं काय? दोन चाकांना धरून ठेवते आणि चार चाकांना सोडते, असं कुठलं माणूस असतं? ती तर नव्हेच. तिनं तुमच्या या गाडीचं ऐकलं नसतं हो, दहा चाकं लावली असती तरी. तेव्हा निघाला तर तिथं कुणी नव्हतं. आणि मग मी इतके दिवस मागं वळून ‘बरं बाई, राहू या’ म्हणत होतो, ते कुणाला?

थांबा, बंद करतो. हं. मुलीच्या घरामागं फरशी आहे, सांगितलं ना मी? चांगली जागा आहे. तिथं हूक लावला की ट्रेलर लगेच निघेल, कधीही, धक्कासुद्धा लागायचा नाही. नात पायात येईल. रात्री आतून काही वाजणार नाही.

नको ताई. गाडीत खोट नाही, म्हणूनच नको. नाही, दोन चाकांची दुसरी पण नको, माझी आहे ती चालते. आणि उद्या तुम्ही ही घेऊन तिकडं याल, नुसतं ओढून द्याल, घ्यायची सक्ती नाही — किती चांगल्या आहात तुम्ही. येऊ नका. पत्ता मी दिलेला नाही ना? बरं झालं. 

एकच करा माझ्यासाठी. मुलगी आज फोन करेल, विचारेल, काय म्हणाले गाडीवाले. मला खोटं बोलता येत नाही तिच्याशी, आईवर गेलीय, लगेच पकडते. तर तुम्ही मला सांगा, म्हणजे मी तुमचं म्हणून सांगेन. ‘नाही’ म्हणू नका, तुम्हाला जड जाईल. एवढंच म्हणा, की इतका रुतलेला ट्रेलर चार चाकांनी निघेलच असं सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही.’ तीन शब्द. म्हणा ना. इथं कोण ऐकतंय?

म्हणा, ताई.

बरं. राहू द्या. तिकडं कुणीतरी तुम्हाला हात करतंय मघापासून, गिऱ्हाईक असेल, जा तुम्ही. किल्ली सीटवर ठेवलीय. दार मी लावून घेतो.