जकातीआधीची साखर

(पोशीर, १९३३. ओटीवर दोन्हीकडची मंडळी साखरपुड्यासाठी जमली आहेत. आत पडवीत मुलीची आई गौराबाई आणि लोधिवलीहून आलेला मुलाचा बाप कान्हा.)

गौराबाई : ...पुडा म्हनायचा का वरवंटा, व्याही? ताटात ठिवला तर ताट वाजलं!

कान्हा : साखरच हाय ती, विहीणबाई. जावा बेटाची, अस्सल.

गौराबाई : साखर अशी असती? साखर बोटातनं सांडती. ही कुनाच्या डोक्यात घातली तर मानूस उठायचा नाय.

कान्हा : दोन पावसाळं काढलंत तिनं. जरा घट्ट झाली, पन गोडी तीच.

गौराबाई : दोन पावसाळं?

कान्हा : मंग! हितंच तर गंमत हाय. ही जकातीआधीची साखर. सरकारनं मुंबईच्या बंदरावर परदेशी साखरंवर जकात चढवली, मंग पुन्ना चढवली. तवापासनं कर्जतच्या बाजारात साखरंकडं नुसतं बघायचं नि फुडं जायचं. चांगली खाती-पिती मानसं गुळाच्या खड्यावर साखरपुडं करत्यात. आन आमी? आधीच घेऊन भाताच्या कणगीत दडवून ठिवली. सायबाला चढाचा एक पैसा दिला नाय!

गौराबाई : अगं बया! लाटसायबानं तुमाला इचारूनच जकात लावायला पायजे व्हती.

कान्हा : हसा, हसा. पन असा पुडा पोशीरात कुनाच्या पोरीला आला नसंल.

गौराबाई : त्ये खरं. असा नसंलच आला. बरं, एक सांगा. जकात चढली त्याला दोन वर्सं झाली ना?

कान्हा : ह्या शिमग्याला पुरी दोन.

गौराबाई : आन आमची मैना तुमी कदी बघितली?

कान्हा : ह्या माघात की.

गौराबाई : मंग दोन वर्सांमागं ही साखर कुनाच्या पोरीसाठी घेतली व्हती?

कान्हा : (पुड्याची दोरी सारखी करत) कुनाच्या म्हंजे...

गौराबाई : बोला की. मगाशी तर तोंडाला लगाम नव्हता.

कान्हा : तसं काय नाय, विहीणबाई.

गौराबाई : तसं नाय तर कसं? हसत्ये मी, पन सांगून ठिवत्ये. दुसरीच्या नावानं बांधलेला पुडा माझ्या लेकीच्या ओटीत पडायचा नाय. कोन व्हती ती? का मोडलं? पोरात काय खोट हाय का?

कान्हा : पोरात खोट नाय वो! पोरगा लाखात एक. असं करतो, मी नेरळला जाऊन दुसरी साखर आनतो. काय भाव आसंल तो आसंल. दिस मावळायच्या आत हितं हजर.

गौराबाई : मुहूर्त काय तुमच्यासाठी ओटीवर बसून ऱ्हाईल? साखर ऱ्हाऊ द्या. आदी त्या पोरीचं सांगा.

कान्हा : सांगायला लाज नाय मला. शुभाचा दिस, म्हनून तोंडातनं काढत नव्हतो.

गौराबाई : म्हंजे?

कान्हा : ही साखर मी घेतलीच नाय. पोराच्या आईनं घेतली. वालाच्या शेंगा इकायला कर्जतला गेली व्हती. थितं दुकानदार कुनाला तरी सांगत व्हता, शिमग्यात सरकार जकात चढवनार. हिनं शेंगांचा सगळा पैसा साखरंत घातला. मी लय वरडलो. म्हटलं, पोराला अजून मिसरूड नाय, नि पुडा कसला बांधतेस गं?

गौराबाई : मंग ती काय म्हनाली?

कान्हा : म्हनाली, मी वळखून हाय तुमाला. ऐन वक्ताला गुळाचा खडा घेऊन जाल, आन चार बायकांत माझ्या सुनंला मान खाली घालायला लावाल.

गौराबाई : बरोबर वळखलं व्हतं.

कान्हा : त्याच श्रावणात गेली. तापाचं निमित्त. मी पुड्याला हात लावला नाय. मधनं मधनं ऊन दावायचं आसतं, ते मला कुठं ठावं? घरात आमी दोन बापये. भात टाकतो तो बी खाली लागतो. साखर काय जपनार?

गौराबाई : सून कोन, ते तरी ठावं व्हतं का तिला?

कान्हा : कुठलं ठावं! येईल तिच्यासाठी, म्हनायची.

गौराबाई : आन हे सगळं तुमी जकातीच्या बढायांखाली झाकत व्हता?

कान्हा : मंग काय रडत पुडा देऊ? सरकारला नावं ठिवत ऱ्हायलं का मानूस रडत नाय.

गौराबाई : लय वाईट वाटलं, व्याही. मी आपली तोंडाला येईल ते बोलत बसले. मैने! ए मैने! दाराआड हायस ती कळतंय हां. पायाची बोटं दिसत्यात. आयकलंस ना सगळं? तुझी ओटी, तूच सांग.

कान्हा : अवो, पोरीला कशाला इचारता?

गौराबाई : तुमी गप ऱ्हावा. तुमच्या चुलीफुडं तिला बसायचंय. बोल गं, बाय.

मैना : मामंजी...

कान्हा : काय गं, पोरी?

मैना : सासूबाईंचं नाव काय व्हतं? पुडा ओटीत घेताना तेच घेईन.

कान्हा : भागी.