बायकोला मत देता येत नाही

...नाही पण मला एक सांगा, स्वतःच्या बायकोला मत द्यायला बंदी असते का हो कुठं? आमच्या केंटकीत असते! तुम्हाला सांगतो, आमची ओवीडा जिल्ह्याच्या तुरुंगाची जेलर व्हायला उभी राहिली (आमच्याकडं जेलरही मतांनी निवडतात), रिपब्लिकनांकडून, आणि मी पडलो डेमोक्रॅट. हौसेनं नव्हे हो! बाप खाणकामगार, युनियनवाला, म्हणजे डेमोक्रॅटच; अठराव्या वर्षी दंडाला धरून नेलं आणि नाव घातलं पक्षात. आता मे महिन्यात प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार पक्षातल्यांनीच निवडायचा, परक्याला आत प्रवेश नाही. नवरा असलात तरी परकेच! नोव्हेंबरात कुणीही कुणालाही मत द्यावं, पण तिथवर पोचायला आधी मे ओलांडायला हवा ना? ती मेमध्येच पडली. थोडक्यात पडली. आणि मेहुणी बर्निस चार वर्षं प्रत्येक जेवणाला, मक्याचा पाव मोडता मोडता, "काय भावोजी, आमच्या ताईला मत दिलंत ना?" अहो देता येत नाही! नवरा मी, पण मत देता येत नाही!

या खेपेला ती पुन्हा उभी राहणार, म्हटलं, पुरे झालं. पक्ष बदलायचा तर डिसेंबर संपायच्या आत, नाहीतर बसा बोंबलत. शेवटच्या दिवशी बापाच्या थडग्यापुढं टोपी काढली, "बाबा, माफ करा, बायको आहे," म्हटलं, आणि कचेरी बंद होता होता झालो रिपब्लिकन! घरी येऊन ऐटीत सांगितलं, "ओवीडा, या खेपेला माझं मत तुला!"

तिनं हातातला तवा तसाच खाली ठेवला. "डेल्मर... मी सकाळीच डेमोक्रॅट झाले. आता उभीही तिकडूनच राहणार."

"का गं बाई?"

"तुला मत देता यावं म्हणून!"

आता हसावं की रडावं? खरं सांगू, ऊर भरून आला माझा. पण माणसानं एकमेकांना विचारावं की नाही आधी? आणि कचेरीला तर कुलूप! नवरा मी, पण मत देता येत नाही!

बरं, परवा माझ्या नव्या पक्षाचे दोघं दारात. "डेल्मरभाऊ, समोरून कुणी बाई उभी राहतेय म्हणे, तिला पाडायचंय. आपल्या माणसाची पाटी लावा अंगणात!" मी म्हटलं, "बाई आत भांडी घासतेय, बोलावू?" गेले बिचारे.

मग तिची पाटी मीच ठोकली रस्त्याकडेला, म्हटलं एवढं तरी आपल्या हातात आहे... तर आतून आवाज,

"डेल्मर, वाकडी लागलीय!"