बुडालेल्या मुलीचं गाव

—आधी मान वर करा साहेब, गावाच्या नावाचं मग. हां, अशी. पाचला पुतळ्याचं अनावरण तुमच्याच हस्ते ना? मग भाषणात तेच सांगाल — सुंदर मुलगी, प्रेमभंग, खडकावरून उडी, मागे राहिल्या त्या फक्त चपला, आणि शोकाकुल बापानं गावाला लेकीचं नाव दिलं. वा वा! आधीचं नाव सडक्या मासळीवरून होतं हो, तुमच्यासमोर उच्चारवत नाही. बापाचं हॉटेल ओस पडलेलं. लेकीच्या नावाची पाटी लागली आणि खोल्या भरल्या — सगळी नवी जोडपी, त्यांना दुसऱ्याचं बुडणं फार आवडतं.

उडी कसली डोंबलाची! गुडघाभर पाण्यात जायला घाबरते ती. चपला चावत होत्या म्हणून खडकावर सोडल्या आणि अनवाणी गेली बस पकडायला. कोणाबरोबर? न्हाव्याबरोबर! हसू नका, कापेल. वर्षानं परत आली, कडेवर पोर घेऊन, तर बाप हॉटेलच्या दारात आडवा — म्हणे, माझी मुलगी बुडाली, अख्खं गाव तिच्यावर जेवतंय, तू कोण? जावयाला हा कोपऱ्यातला गाळा दिला, अट एकच — तोंड बंद. गावाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत आहे! पण खोल्या सगळ्यांच्याच भाड्यानं जातात ना. पुढे बाप गेला, हॉटेल मामाकडे आलं, अट तीच — म्हणजे त्या पोराच्या मामाकडे हो, मला काय करायचंय! पण पुतळा पाहिलात? कापड टाकायच्या आधी मी पाहिला. नाक कसं, चाफेकळी! अहो, तिचं नाक माझ्यासारखं, हे असं, बटाट्यासारखं—

बरं. कळलंच तुम्हाला. पडद्यामागे बसलीय. सकाळपासून नवे कपडे घालून. म्हणते, इतकी वर्षं लोक माझ्या नावानं समुद्रात फुलं टाकतात, एकदा तरी मला समोर जाऊन बघू दे. मी म्हटलं, आई, मामा गाळा काढून घेईल, मग खायचं काय? वाईट वाटतं हो, फार वाईट वाटतं, पण— अगं, तू कशाला बाहेर आलीस? आत जा! साहेब, तुम्ही काही ऐकलं नाही. उठा, झाली दाढी, टॉवेल राहू दे तिथंच. काय गं? काय म्हणतेस? ...ऐकलंत? पुतळ्यावरचं कापड मीच ओढलं तर चालेल का, विचारतेय.

बोला की साहेब. माझ्याकडे काय बघताय? तिला सांगा.