हरणाबाईचं परस

(सातारा जिल्ह्यातलं एक गाव, १९४६. विधवा हरणाबाई आपल्या परसात. शेजारच्या इमाम शिंप्याची बायको शमशाद कुडापलीकडं उभी.)

शमशाद : आवं हरणामावशी! भरल्या फळाची वांगी उपटताय? हात आवरा की!

हरणाबाई : माजं परस हाय. मी लावलं, मीच उपटनार.

शमशाद : येड लागलं का काय तुमास्नी? थांबा, मी आलेच तिकडं.

हरणाबाई : दारानं ये. कुडातनं घुसलीस तर घेवडा तुटंल.

शमशाद : बगा! उपटाया निघालाय नि घेवड्याला जपताय. सोडा ते झाड. सोडा म्हंते न्हवं! किस्नातभाऊ गेलं का?

हरणाबाई : गेला माजा ल्योक. सकाळच्या मोटारीनं.

शमशाद : कालच तर आल्तं! एवढ्या वर्सांनी लष्करातनं सुटून आलेलं मानूस, चार रोज तरी ऱ्हावं का न्हाई?

हरणाबाई : खडकीला कारखान्यात काम लागलंय. खोली घेतलीया. हितं आता न्हाई ऱ्हायाचा, म्हनला.

शमशाद : नि तुमी?

हरणाबाई : 'तूबी चल' म्हनला. एकदाच म्हनला, नि लगीच पायतान घालाया वाकला. मला काय कळत न्हाई व्हय?

शमशाद : या अल्ला...

हरणाबाई : त्यो लढाईवर गेला तवा हितं नुसता उकिरडा हुता. येकटीनं खनलं. आंगुळीचं, भांड्याचं पानी कवा वाया घालवलं न्हाई, मोरीपास्नं पाट काढला. त्याला भरलं वांगं आवडतं म्हून वांगी. आमटीत शेंग लागती म्हून शेवगा. घेवडा, मिरच्या, पपया... समदं त्याच्यापायी.

शमशाद : नि वाफ्याच्या कडंनं झेंडू. कोरेगावच्या बाजाराला जानारी मानसं बैलगाडी थांबवून बगत्यात, मावशी.

हरणाबाई : लय दिस खबर न्हाई आली की मी हितं खुरपीत बसायची. नवा कोंब दिसला की म्हनायची, ह्यो आला, म्हंजी त्योबी असंल कुटंतरी.

शमशाद : मग काल जेवलं का पोटभर?

हरणाबाई : दोन घास. 'आये, आता तिखाट सोसत न्हाई' म्हनला नि ताट सारलं. परस दावाया आनला, तर दारातनंच बगितलं. 'बरं केलंस' म्हनला.

शमशाद : नि तुमी काय खाल्लं?

हरणाबाई : येकटीसाठी कोन चूल पेटवतंय.

शमशाद : ह्यातलं तुमास्नी काय आवडतं, मावशी?

हरणाबाई : मला?

शमशाद : व्हय, तुमास्नी.

हरणाबाई : ...कारलं. म्हायेरात लय खायची. हितं आले, तर मालकास्नी कडू चालायचं न्हाई. किस्नातबी त्यांच्यावरच गेला.

शमशाद : एवढ्या परसात कारल्याचा वेल कुटं दिसत न्हाई.

हरणाबाई : लावलाच न्हाई. ध्यानातच आलं न्हाई कवा.

शमशाद : माज्या आईकडचं बी हाय घरात, घिऊन येते. ही वांग्याची जागा मोकळी केलीयाच की तुमी.

हरणाबाई : नि कारली खायाला कोन? तू तर मिरजंला चाललीस.

शमशाद : ...तुमास्नी कुनी सांगितलं?

हरणाबाई : कुडावरनं दिसतंय की. काल इमामनं शिवनाची मशीन गाडीवर चढवली. मशीन गेल्यावर शिंपी मागं ऱ्हातोय व्हय?

शमशाद : मी सांगनार हुते, मावशी. रोज कुडापातूर यायची, पर तोंडच उघडायचं न्हाई. ह्यांस्नी तितं दुकानात काम घावलंय.

हरणाबाई : मग चांगलं झालं की. रडू नगंस. जाताना शेंगा घिऊन जा, शहरात इकत घ्याव्या लागतील.

शमशाद : बी आनू का?

हरणाबाई : जा, घिऊन ये. नि ह्ये बग, लय नगं आनू. येका मानसाला येक वेल पुरं.