पाइप कंपनीची तब्येत

(अंबरनाथ, पालेगाव. हरिचंद्रच्या बंगल्याचा ओटा. सून नूतनच्या मांडीवर तिची तान्ही जिज्ञासा, हातात मोबाइल.)

हरिचंद्र : तू निस्ता अंगठा दाब. आठ लाखांचे शेअर. बाकी कल्पेश बघंल.

नूतन : हळू, बाबा. आत्ता कुठे डोळा लागलाय हिचा. आणि कल्पेशभावोजी काय बघणार? त्यांना स्वतःच्या गाडीचा इन्शुरन्स संपलेला दिसत नाही.

हरिचंद्र : तो बोलतो, पाइप कंपनी डबल होनार. नफा बघ की. तीन वर्सं चढताच हाय.

नूतन : नफा चढतोय. पैसा येत नाहीये.

हरिचंद्र : त्या दोन येगल्या गोष्टी हायेत का?

नूतन : चंदरकाका सांगतात ना, म्हशींत महिन्याला तीस हजार सुटतात?

हरिचंद्र : सुटतात कसले! सगला रतीब जावयाच्या हाटेलात. जावयाकडं पैसे कोन मागनार?

नूतन : झालं तर मग. या कंपनीचा अर्धा माल मालकाच्या मेव्हण्याकडे जातो. विकला म्हणून नफा लिहिला, पण दोन वर्षांत दमडी आलेली नाही.

हरिचंद्र : मेव्हना? मग झाला कल्यान.

नूतन : आणि मालकानं स्वतःचे शेअर गहाण टाकलेत. निम्म्याहून जास्त.

हरिचंद्र : म्हंजे नवरीच्या अंगावरचा सोना सावकाराकडं, नि हा वरातीत नाचतोय.

नूतन : वर कर्ज काढून लोकांना डिव्हिडंड वाटतोय.

हरिचंद्र : कर्ज काढून वाटतोय? हा तर आपल्याच गावचा निघाला!

नूतन : हसवू नका, ही उठेल. एवढं कळूनही आठ लाख घालायचे? शेताच्या पैशातले तेवढेच उरलेत. बंगला झाला, तुमच्या भावेशची गाडी झाली, माझ्या हळदीला दोन-दोन डीजे झाले.

हरिचंद्र : तीन गुंठे वाजले तुझ्या हलदीत, पोरी. कान बसले व्हते माझे. पन मजा आली.

नूतन : मग उरलेले हिच्या शाळेला राहू देत ना. आणि घालायचेच तर बाजारात हजार कंपन्या आहेत. हीच कशाला? ...बाबा?

हरिचंद्र : बाकीच्या कंपन्या माझ्या शेतावर उभ्या नायत.

नूतन : आपल्या शेतावर? भावेश तर म्हणाला होता, कुठल्याशा गोदामाला गेलं.

हरिचंद्र : गोदाम नाय. यांचाच कारखाना. परवा गेलतो तिकडं, आपली विहीर बघाया. वाचमन बोलतो, चाचा, इधर किधर? माझ्या शेतात, मना इचारतो!

नूतन : शेअर घेतले म्हणून तो गेट उघडणार नाही, बाबा. शेअरवाल्यांची सभासुद्धा हल्ली मोबाइलवरच असते.

हरिचंद्र : ठावं हाय मना.

नूतन : थांबा, एक दाखवते. सरका इकडे, हा कंपनीचा ताळेबंद. हे मशीन, ही इमारत, हे ट्रक. यांची किंमत दर वर्षी घटवतात. वापरून झिजतात म्हणून. आता ही ओळ बघा. जमीन. ही घटवत नाहीत.

हरिचंद्र : का?

नूतन : जमीन झिजत नाही, असं धरतात.

हरिचंद्र : यो नियम करनारा शेतकरीच असंल.

नूतन : वाढवलीही नाहीये. तुम्ही ज्या भावाला दिलीत, तोच आकडा अजून.

हरिचंद्र : माझाच आकडा?

नूतन : तुमचाच. अख्ख्या ताळेबंदात तेवढाच मला खरा वाटला.

हरिचंद्र : ...राहू दे मग. आठ लाख पोरीच्या नावावर टाक.

नूतन : नक्की? भावोजींना काय सांगाल?

हरिचंद्र : सांगन, सुनेनं अंगठा दिला नाय. यो एक शेअर केवढ्याला हाय?

नूतन : अडतीस रुपये.

हरिचंद्र : अडतीस रुपयांत कितीक जमीन येल?

नूतन : तसं नसतं हो ते... पण धरायचंच तर चिमूटभर माती. तेवढीही नाही.

हरिचंद्र : चालंल. विहिरीकडची घे.